इब्रीच्या माळावरची रिकामी कबर

केयूर, मोबाईल ठेव खाली. शिवांगी, तूही जवळ ये. ही बाळकृष्णची गोष्ट. इथेच, मस्कतच्या या माबेलात राहायचा, दोन गल्ल्या सोडून. मूळचा गुहागरचा. रस्त्याच्या कामावर मी इंजिनियर, तो सर्व्हेअर. त्यामुळे कुठूनतरी ऐकलेली नाही ही.

दोन हजार चौदाची दिवाळी, लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. गुरुवार होता. इब्री गावाच्या अलीकडे माळावर आमच्या नव्या रस्त्याच्या आड एक जुनी कबर आली होती. छातीएवढी गोल दगडी भिंत, वर सपाट फरशा, आत शिरायला गुडघ्याएवढं दार. उत्खननाच्या बाई म्हणाल्या, इथले लोक शेळ्या पाळायला, दाणे पेरायला नुकते शिकत होते, तेव्हाची असावी. दारात गच्च बसवलेले दगड त्यांनी काढून बाजूला रचले. आतले सांगाडे पेट्यांत भरून मस्कतला नेले. सगळे कुशीवर, गुडघे पोटाशी, प्रत्येकाच्या मुठीत एक शिंपला, एकमेकांना खेटून झोपलेले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी, आणि सुट्टीत साईटवर सामान सोडायचं नाही असा नियम. मजुरांनी मोजणीचा लोखंडी दांडा त्या कबरीत ठेवला होता. तो घ्यायचा आणि थेट घरी, एवढंच काम. घरी वसुंधरा वहिनी पूजेसाठी थांबल्या होत्या. छोटी यशश्री तर सारखी फोन करत होती, बाबा आल्याशिवाय पणत्या लावायच्या नाहीत म्हणून.

ड्रायव्हर शरीफने गाडी खालच्या कच्च्या वाटेवर लावली आणि तो मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाला उभा राहिला. बाळकृष्ण एकटाच वर गेला. वाकून, सरपटत आत शिरला. दांडा उजव्या हाताला लागला. कसाबसा वळला आणि दाराकडे तोंड केलं. बाहेर थोडा उजेड होता अजून.

दारात एक दगड येऊन बसला.

"शरीफ, बस कर. उशीर होतोय," तो म्हणाला.

दुसरा बसला. मग तिसरा. घाई नाही, आदळआपट नाही. गवंडी फट बघून दगड निवडतो ना, तसं. हात दिसत नव्हते. आकाशाचा तुकडा लहान होत गेला. शेवटी फटींत बारीक खडे भरल्याचा आवाज आला...

काळोख.

त्याने दगडांना लाथ मारायला पाय उचलला. पाय लांब होईना. पाठीला काहीतरी टेकलं होतं. कुणाचीतरी पाठच होती ती. कोमट. भरलेल्या खोलीत माणसं जागा करून घेतात, तसं कुणीतरी डावीकडून सरकलं. मग उजवीकडून. त्याचे गुडघे वर आले. छातीला लागले. हनुवटी गुडघ्यांवर दाबली गेली. तोंड उघडेना.

कुणी बोलत नव्हतं. सगळे फक्त... सरकत होते.

"बाळूभाई? किधर हो?"

शरीफ. अगदी भिंतीपलीकडे. पावलं कबरीला वळसा घालून गेली. पुन्हा आली. बुजलेलं दार बघून तो आत माणूस असेल असं मानेल तरी कसा? पावलं उतरणीला लागली. दूर गेली.

मग अंधारात कुणीतरी त्याचा डावा हात हातात घेतला. बोटं उघडली. पुन्हा मिटवली. अगदी मायेने, असं तो मला म्हणाला. त्या मायेनेच तो जास्त घाबरला. आपल्याला इथे नीट ठेवताहेत, हे त्याला तेव्हा कळलं.

यशश्री अजून पणत्यांपाशी बसली असेल...

उजवं मनगट तेवढं हलत होतं. त्याने दांडा दगडावर आपटला. टक्. थांबला. टक्.

शरीफने गाडीचं दार उघडलं होतं. त्याने ऐकलं. धावत आला आणि नखं फुटेपर्यंत दगड उपसले. काखेत हात घालून बाळकृष्णला बाहेर ओढलं. आत दुसरं कुणी नव्हतं. पण त्याचे गुडघे सरळ होईनात. तसाच मागच्या सीटवर आडवा घालून आणला.

मी त्यांच्या घरीच होतो. पूजा तशीच राहिलेली. त्याचे पाय हळूहळू मोकळे झाले, डावी मूठ मात्र उघडेना. वसुंधरा वहिनींनी अभ्यंगाचं तेल कोमट करून चोळलं. किती वेळ चोळत होत्या... मग एकेक बोट सुटलं.

तळहातावर शिंपला होता. त्या माळापासून समुद्र दोन तासांवर. शिंपला ओला होता, किंचित उघडा.

आम्ही बघत असतानाच तो हळूच मिटला.