ऐनापुरे मास्तरांचा चेहरा

रेवती ऐनापुरे मुलीचा हात धरून आली तेव्हा म्हेत्रेमामा व्हरांड्यात खोट्या मिशांचे क्रेप केस पिंजत बसले होते. सकाळचे साडेदहा वाजले होते. कृष्णाकाठच्या त्या शहरात हाताने चेहरे रंगवणारा आता हा एकच माणूस उरला होता. त्र्यंबक म्हेत्रे हे त्यांचं नाव, पण ते फक्त मतदार यादीत. चाळीस वर्षं त्यांनी हौशी नाटकवाल्यांना रंगवलं, बँकेतल्या कारकुनाचा सरदार केला, पोस्टातल्या बाईंची जख्ख म्हातारी केली. स्वतः मात्र एकदाही रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही. नाटकानंतर कलाकारांची ओळख करून द्यायची वेळ आली, की मामा विंगेतून पसार होत.

रेवती पायरीवरच थांबली. तिने आपला फोन त्यांच्या हातात दिला.

फोटो मुलीच्या, इराच्या, पहिल्या वाढदिवसाचा होता. केक होता, फुगे होते, टाळ्या वाजवणारी रेवती होती. आणि बाळ हवेत तरंगत होतं. त्याच्या काखेत कुणाचे तरी हात असायला हवे होते. तिथे मागच्या पडद्यावरची फुलं होती, एकाला एक नीट जुळवलेली. बाळ वर बघून, त्या फुलांकडे बघून, खिदळत होतं.

"मास्तर?" मामांनी विचारलं.

"सोमवारी लोपले," रेवती म्हणाली.

लोपन हा शब्द तोवर शहराच्या तोंडात रुळला होता. नदीचं पाणी कारखान्यांकडे वळवलं, नळ कोरडे पडले, लोक घागरी घेऊन टाकीच्या चौकात बसले आणि तिथे गोळीबार झाला. नऊ माणसं गेली. चित्रकलेचे शिक्षक वामन ऐनापुरे यांनी त्या नऊ जणांचे चेहरे शाळेच्या भिंतीवर काढले. भिंतीला चुना फासला गेला. मास्तरांनी चेहरे पुन्हा काढले. असं तीनदा झालं, आणि चौथ्यांदा शिडी लावायच्या आतच एक गाडी येऊन मास्तरांना घेऊन गेली. कुठे, ते अजून कुणी सांगत नव्हतं.

त्यानंतर त्यांचं मुखसूत्र यादीत गेलं. दोन डोळ्यांतलं अंतर, नाकाचं मूळ, जबड्याचं हाड अशा शंभरएक खुणांचं मिळून प्रत्येक चेहऱ्याचं एक गणित बनतं, ते मुखसूत्र. शहरातला प्रत्येक कॅमेरा, फोन, डोळ्यांवरचा संगणकी चष्मा रोज पहाटे ही यादी उतरवून घेई आणि यादीतला चेहरा जिथे दिसेल तिथून तो माणूस, अंगावरच्या कपड्यांसकट, पुसून टाकी. रिकामी जागा आजूबाजूच्या भिंतीने, झाडाने, पडद्याने भरून काढी. एका कॅमेऱ्याने चेहरा ओळखला की आसपासचे सगळे त्या माणसाला पाठमोराही पुसत. जुने फोटोही त्यातून सुटत नसत. तपास चालू असलेल्या व्यक्तींच्या खासगीपणासाठी ही सोय आहे, असं सरकारी पत्रकात म्हटलं होतं. सोय! मांजराने उंदराची करावी तशी.

"कागदावरचा एखादा फोटो?"

"झडतीत नेले. आणि चित्र म्हणाल, तर ते सगळ्यांची काढायचे. त्यांचं कुणी काढलंच नाही." रेवतीचा आवाज इथवर सरळ होता. मग तो मोडला. "काल इराने विचारलं, बाबांना दाढी होती का गं? मामा, मला क्षणभर आठवेना. बारा वर्षांचा संसार, आणि मला आठवेना! हिला एकदा तो चेहरा दाखवा. कुणाच्याही तोंडावर काढा, पण दाखवा. नाहीतर ही पोर बापाला विसरणार, आणि हिच्या मागून मीपण."

मामांनी किसन लोहारला बोलावून घेतलं. किसन पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा आणि पथनाट्यात काम करायचा. उंची, खांदे, मान अगदी मास्तरांसारखी. मामांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या सवयीप्रमाणे समोरच्या स्टँडवर फोन चालू करून ठेवला. रंग डोळ्यांना एक दिसतो आणि कॅमेऱ्याला वेगळा, म्हणून दोन्हीकडून तपासायचं, हा त्यांचा जुना शिरस्ता होता.

तीन तास खपून त्यांनी चेहरा उभा केला. रेवतीने पाहिलं आणि ओशाळून म्हणाली, "छान झालंय हो. पण हे ते नव्हेत."

मामांना रागच आला. चूक सांगता येईना आणि म्हणे हे ते नव्हेत! मग ते जरा मागे सरून बघत राहिले आणि त्यांचा राग त्यांच्यावरच उलटला. मास्तरांचं नाक त्यांनी सरळ केलं होतं. गाल भरले होते. चाळीस वर्षं नायकांना देखणं करून करून हाताला खोड लागली होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण ही त्या दुपारी जायला हवी होती.

त्यांनी सगळं पुसलं आणि नव्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली. दिसायचे कसे, हे त्यांनी विचारलंच नाही. रागावले की कोणती भुवई चढायची? जेवताना कुठल्या बाजूने चावायचे? रेवतीला भराभर आठवू लागलं. उजव्या दाढा काढल्या होत्या, म्हणून डावीकडूनच चावायचे. मामांनी डावा जबडा मेणाने जड केला. नाक मधोमध किंचित मोडलं. दारातून इरा म्हणाली, "बाबांचा एक डोळा थोडा झोपलेला असायचा. हा." तिने स्वतःच्या उजव्या डोळ्याला बोट लावलं.

मामांनी चिमूटभर मेण घेऊन किसनची उजवी पापणी खाली ओढली आणि सवयीने फोनकडे पाहिलं.

फोनमध्ये खुर्ची रिकामी होती.

मागचं कॅलेंडर दिसत होतं, फिरता पंखा दिसत होता, खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल दिसत होता. मामांनी वळून पाहिलं. खुर्चीत माणूस बसलेला होता. पुन्हा फोन पाहिला. तिथे कुणी नव्हतं.

"काय झालं मामा?" किसन म्हणाला, आणि फोनमधल्या त्या रिकाम्या खुर्चीतूनही तेच शब्द आले. मामांच्या हातातली मेणाची डबी खाली पडली. चेहरा बरोबर जमल्याची पावती त्यांना यंत्राने दिली होती, आणि अशी पावती त्यांना कधीच नको होती.

इरा पुढे आली. तिच्या डोळ्यांवर शाळेचा चष्मा होता. सगळ्या मुलांचे धडे त्यातच दिसत. ती खुर्चीकडे पाहून म्हणाली, "इथे तर कुणीच नाही." रेवतीने तो चष्मा हलकेच काढून घेतला.

पोर ओरडली नाही, पळालीही नाही. जवळ गेली, तिने त्या झोपलेल्या पापणीला बोट लावलं आणि बोटाकडे पाहिलं. "रंग ओला आहे," ती म्हणाली. "तुम्ही किसनकाका आहात, मला माहितीये. पण थोडा वेळ बोलू नका."

ती समोर मांडी घालून बसली आणि अर्धा तास नुसती बघत राहिली. किसनच्या डोळ्यांत पाणी आलं, तर 'पुसू नका, खराब होईल' असं तिने बजावलं. रेवतीने भिंतीकडे तोंड केलं होतं. मामांनाही तिथे उभं राहवेना.

खरं म्हणजे गोष्ट इथेच संपायची. पण किसन तो चेहरा घेऊन भाजी मंडईपर्यंत जाऊन आला आणि त्याचं डोकं चालू लागलं.

"मामा, माणूस दिसला की लागतो त्यो दिवा एकाबी खांबावर लागला न्हाई! मी गेलो आन् आलो, यंत्राला पत्ताच न्हाई." चौघांहून जास्त माणसं एका जागी थांबली की गर्दीमोजणी यंत्र ओळखे आणि तीन मिनिटांत पोलीस येत. त्यामुळे गोळीबारानंतर शहरात एकही पथनाट्य झालं नव्हतं. "सव्वीस माणसं लोपलीत. आपली नाटकवाली बी सव्वीस हायती. चौकात हुबं ऱ्हायचं, त्येंची तोंडं घिऊन. बोलायचं न्हाई, काय न्हाई. नुसतं हुबं ऱ्हायचं. लोकांनी डोळ्यांनी बघू दे की!"

मामांच्या पत्नी सुमनमामींना हे पटलं नाही. "आवो, मेलेल्याचं सोंग घिऊ नये."

"मेलेत कुठं?" मामा म्हणाले.

"जित्यात का मेल्यात, त्येच तर कुणी सांगंना!" मामी म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. पण दुसऱ्या दिवशी लोपलेल्यांच्या घरची माणसं येऊ लागली, तेव्हा चहाचं आधण त्यांनीच ठेवलं. पंधरा दिवस मामांच्या घरात बायका, म्हातारे बाप, बहिणी येत राहिल्या. कुणाची हनुवटी, कुणाच्या कपाळावरची खोक, एवढंच बोलणं. एकेक करून सव्वीस वेळा फोनमधली खुर्ची रिकामी झाली.

रविवारी सकाळी अकरा वाजता ते टाकीच्या चौकात उभे राहिले. वाहनांच्या वाटेत येऊ नये म्हणून दुभाजकाच्या कडेने रांग धरली होती. काहीही झालं तरी जागा सोडायची नाही, मान वळवायची नाही, असं ठरलं होतं; काठ्या पडतील, एवढंच त्यांनी गृहीत धरलं होतं. मामा फुटपाथवर होते, विंगेत असावेत तसे. चौकातल्या मोठ्या पडद्यावर चौकाचंच थेट चित्र चालू होतं. त्यात रस्ता होता, ऊन होतं, कबुतरं होती. रांगेतला माणूस एकही नव्हता.

आधी कोथिंबीर विकणारीने पाहिलं. तिला चष्मा परवडत नव्हता, त्यामुळे ती सगळं पाहू शकत होती. "अगं बया," ती म्हणाली. "ह्यो तर आमच्या गल्लीतला बाळू!" तिने जुडी खाली ठेवली. मग पेपरवाला थांबला. मग एका बाईने चष्मा कपाळावर सरकवला आणि तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात मामांना बस दिसली. वळणावरून, किसनच्या पाठीमागून, आवाज न करता बस येत होती. शहरातल्या बसगाड्यांना चालक नव्हते. समोर माणूस दिसला की बस आपोआप थांबे. आणि या बसला समोर रिकामा रस्ता दिसत होता, म्हणून ती थांबा टाळून, दुभाजकाला घासून, वेगात येत होती.

सव्वीस चेहऱ्यांची एकेक सुरकुती मामांनी तपासली होती. हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"किसन! बाजूला हो!" मामा ओरडले.

किसनने ऐकलं आणि तो हलला नाही. रंगमंचावर उभं असताना विंगेतून कुणी काहीही ओरडलं तरी वळून बघायचं नाही, हे त्याला पहिल्या नाटकात शिकवलं होतं. शिकवणारे मामाच होते.

मग त्र्यंबक म्हेत्रे जन्मात पहिल्यांदा विंगेतून बाहेर पडले. सत्तरीचे पाय जसे धावतात तसे धावले आणि रंग न लावलेला चेहरा घेऊन, दोन्ही हात पसरून, बसच्या पुढ्यात उभे राहिले. बसला माणूस दिसला. ती करकचून थांबली, मामांच्या छातीपासून वीतभर अंतरावर.

मोठ्या पडद्यावर ओसाड चौक दिसत होता, त्यात एक म्हातारा बससमोर हात पसरून उभा होता आणि त्याच्या पाठीशी काहीच नव्हतं.

बस का थांबली म्हणून आतल्या लोकांनी वाकून पाहिलं. एकाने चष्मा काढला आणि शेजाऱ्याचा दंड धरला. शेजाऱ्याने काढला. लोक खाली उतरले, रांगेच्या समोर आले आणि कुणीतरी पहिलं नाव मोठ्याने उच्चारलं. मग दुसरं. मग नावं थांबेनात. उतरलेल्यांना यंत्राने बसचे प्रवासी धरलं, म्हणून पोलीस आले ते तीन मिनिटांत नव्हे, पाऊण तासाने, आणि तोवर चौकात माणसं मावत नव्हती. त्या गर्दीतच सव्वीस जणांनी तोंडं पुसली आणि घरं गाठली.

मामांना न्यायला कुणी आलं नाही. बुधवारी सकाळी दुकानाचं दार त्यांच्यासाठी उघडेना. रस्ता ओलांडताना एक बिनचालकाची रिक्षा त्यांच्या अंगावरच आली. घरी येऊन त्यांनी फोन समोर धरला, तर त्यात छताचं फळीकाम दिसलं. त्यांनी फोन पालथा घातला.

गुरुवारी दारात रांग लागली. मामांना वाटलं, आणखी लोपलेल्यांची माणसं असतील. पण लोपलेल्यांचं कुणीच नव्हतं. कोथिंबीरवाली होती, बसमधला तो चष्मा काढणारा होता, एक नवरा-बायको तान्ह्या बाळाला घेऊन आले होते. सगळे धडधाकट, सगळ्यांचे चेहरे फोनमध्ये स्वच्छ दिसत होते.

"आमची तोंडं शिकून ठेवा मामा," कोथिंबीरवाली म्हणाली. "आजून हायती तवर."

मामांनी किसनला हाक मारली. "मी किती दिवस पुरणार? तू शीक. पण आधी माझा चेहरा घे, तुझ्याच तोंडावर, माझ्याकडे न बघता. तुला तो कुणापेक्षाही जास्त ठाऊक आहे."

किसनने मेणाची डबी उघडली. बोटावर मेण घेतलं आणि तसाच थांबला. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "खरं सांगू का मामा? वीस वर्सं तुमच्याम्होरं बसलो. पण रंग लावताना तुमी डोळं मिटायला सांगायचा. आमी समदी मिटूनच बसायचो."

मामांनी दाराकडे पाहिलं. रांगेतल्या माणसांनी, सवयच असल्यासारखे, आधीच डोळे मिटून घेतले होते. इतकी वर्षं, इतक्या माणसांच्या तोंडापाशी तोंड नेऊन ते काम करत होते, तेव्हा त्यांच्याकडे बघत कोण होतं?