पाथमधलं पहिलं फोल्डर

मी एका छापखान्यातले कॉम्प्युटर सांभाळतो. सगळं सुरळीत चाललं की माझी कुणाला आठवण होत नाही, आणि काही बिघडलं की माझ्या नावाने शंख.

आपण कमांड टाइप केली की कॉम्प्युटर तो प्रोग्रॅम फोल्डरांच्या एका यादीत शोधतो, एकामागून एक. या यादीला पाथ म्हणतात. पहिल्याच फोल्डरात सापडला, की पुढची दारं तो ठोठावतच नाही. पाथ ज्याचा त्याचा वेगळा असतो. नवीन फोल्डर नेहमी शेवटी जोडा, पुढे घुसवू नका, असं मी सगळ्यांना बजावत असतो.

स्वतः मात्र पुढे जोडलं. बायको याच ऑफिसात, माझ्या पाठीमागच्या टेबलावर बसायची. ती वारली आणि तिचं फोल्डर पुसायचं काम माझ्याच गळ्यात आलं. मला ते जमलं नाही. उलट माझ्या पाथमध्ये ते सगळ्यांत पुढे ठेवलं. तिने गंमत म्हणून लिहिलेला एक प्रोग्रॅम होता. 'तारीख' टाइप केलं की तारखेखाली यायचं, 'जेवलास का?' मला तेवढंच हवं होतं.

चौदा महिन्यांनी मी कागदाचा साठा पाहायला एक नवा प्रोग्रॅम लिहिला. चालवला, तर आकड्यांखाली ओळ आली: 'चिमणीचे केस कापायला झालेत.'

चिमणी म्हणजे आमची मुलगी. उत्तर बायकोच्या फोल्डरातून आलं होतं. तिथे माझ्या प्रोग्रॅमच्याच नावाची फाइल होती आणि तिच्यावर त्याच सकाळची तारीख होती. कुणी थट्टा करत असेल म्हणून मी पासवर्ड बदलले, नोंदी तपासल्या. कुणीही आत शिरलं नव्हतं. खरं सांगतो, भीतीच्या आधी मला आनंद झाला.

संध्याकाळी घरी मुलीला हाक मारली, "चिमणे."

"ओ." उत्तर झोपायच्या खोलीतून आलं. दारातून आत आलं की ती पहिली खोली. तिथे कुणी नव्हतं. चिमणी घराच्या शेवटी, स्वयंपाकघरात चित्र रंगवत बसली होती.

"ओ का देत नाहीस गं?"

"आईने दिली ना." तिने मान वर केली नाही.

आठवडाभर हेच. मग शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "हजेरीलाही ओ देत नाही हो. दुसरं कुणीतरी देईल म्हणून वाट बघत बसते."

सहा वर्षांची पोर. एक तर फोल्डर राहील, नाहीतर मुलगी, एवढं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या पाथमधून ते फोल्डर काढलं. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. 'तारीख' टाइप केलं. नुसती तारीख आली. मी रुमाल तोंडावर धरून रडलो.

अर्धी रजा टाकून चिमणीला शाळेतून घरी आणलं. ती धावत स्वयंपाकघरात गेली. मी दारातच उभा राहून हाक मारली.

"चिमणे."

"ओ, बाबा." स्वयंपाकघरातून.

जीव भांड्यात पडला. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो.

आत पेन्सिल ठेवल्याचा आवाज आला.

"आई," चिमणीने हाक मारली.

मी फक्त माझा पाथ बदलला होता.

"ओ."

चिमणी माझ्यासमोरून पळत पहिल्या खोलीत गेली. मी उठून दार ढकललं. आतून कडी होती.

आत कात्री चालत होती.