खो मिळेपर्यंत

सकाळचे ऊन आधी खाणीच्या वरच्या कड्यावर उतरते. तिथून ते घाई न करता पायरीपायरीने खाली येते, दगडाच्या पांढऱ्या भुकटीवर थोडे रेंगाळते, आणि मग आमच्या पत्र्याच्या वर्गात शिरून चटईएवढा तुकडा जमिनीवर ठेवते. त्या तुकड्यात अंबिका धोत्रे बसली होती. खाणकामगारांच्या वस्तीतली, सहावीतली. निवासी विज्ञानशाळेच्या प्रवेशपरीक्षेला सोळा दिवस उरले होते. प्रवेश हुकला तर शिक्षण थांबणार. वस्तीत सातवीचा वर्गच नाही.

मी तिचा शिक्षक. मैदानाचा तास बंद करून मी रोज जास्त गणित शिकवत होतो, तरी तिच्या चुका वाढत होत्या. हे कोडे मला सुटेना.

“गणित तिला येते,” वर्गातला यंत्रमानव सोबती म्हणाला. “ती प्रश्न पुरता वाचण्याआधीच उत्तर लिहिते. सर, मैदानाचा तास परत द्या.”

“ही मुले रोज पाणी वाहतात. आणखी व्यायाम कशाला?”

“व्हय की!” अंबिका म्हणाली. “ह्याला एकदा हंडा घेऊन टेकडी चढाया लावा.”

“बॅटरी संपेल माझी. ओझ्याने माणूस थकतो. खेळाचे निराळे आहे. धावताना हृदय जोरात चालते, मेंदूला रक्त जास्त मिळते आणि नंतर काही वेळ लक्ष टिकते. त्यात खो-खो घ्या. खो मिळेपर्यंत उठायचे नाही, धरलेली दिशा बदलायची नाही. त्यातून आत्मनियंत्रणाचा (मनात आलेली कृती क्षणभर रोखण्याच्या शक्तीचा) सराव होतो. प्रश्नपत्रिकेपुढे तीच लागते.”

मला पटले नाही. म्हणून प्रयोग ठरला: एक दिवस खेळून गणित, एक दिवस न खेळता. खेळ सोबती घेई. मी दारातून पाहत असे.

दहा दिवसांनी त्याने भिंतीवर आकडे उमटवले. न खेळलेल्या दिवशी अंबिकाच्या घाईच्या चुका सरासरी नऊ; खेळलेल्या दिवशी पाच.

“एका मुलीवरून जगाचा नियम ठरत नाही,” तो म्हणाला. “पण उरलेले सहा दिवस रोज खेळूया.”

“म्हंजी गणितात बी खो मिळंस्तोवर बसून ऱ्हायचं,” अंबिका पुटपुटली. तिने पुढचा प्रश्न बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला. परीक्षेतही ती प्रश्न असाच वाचेल, असे मला प्रथमच वाटले.

मग तिने मान वर केली. “पण सर, तास बंद केलाच कशाला हुता?”

“परीक्षेसाठी.”

“खोटं! तुमाला पळाया येत न्हाई, म्हून!”

वर्ग खो-खो हसला. “चला, एक गडी कमी हाय,” म्हणत तिने माझा हात ओढला. मी चपला काढल्या आणि रांगेत जाऊन बसलो.

मुलांसमोर पडण्याच्या भीतीने मी तो तास बंद केला होता.