केळीच्या पानांची चौकट

पहिल्यांदा दिसला तेव्हा तो माझ्या खुर्चीत बसून माझ्याच वेबपेजशी खेळत होता. मला न विचारता!

एकोणीसशे नव्व्याण्णवचा मे. जळगाव तापलेलं, कॉम्प्युटर क्लासातला कूलर नुसताच घरघरणारा. केळीच्या व्यापाऱ्यांसाठी मी नकाशा बनवला होता. गावाच्या ठिपक्यावर माऊसचा बाण नेला की त्याच्याशेजारी नावाची पट्टी उमटायची. सोमवारी व्यापारी बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं, तर क्लास चालवणारे तोताराम सर मला इथेच शिकवायला ठेवणार. नाही पडलं, तर गावी पहूरला परत... आणि आबांनी हेरून ठेवलेल्या स्थळांपुढे पोहे घेऊन जायचं.

"तुम्ही कोण?"

"लीलाधर. वरणगावचा. दुपारच्या बॅचला असतो." तो हसला. गालाला खळी पडली, त्याचाही मला रागच आला. "नकाशा लई छान आहे तुमचा. म्हटलं, जरा सजवू."

सजवू म्हणे. नकाशाला त्यानं पेजवरच्या टेबलाच्या रकान्यात बसवून भोवती केळीच्या पानांची हिरवी चौकट घातली होती. खाली ठळक अक्षरांत माझं नाव — कुंदा. मी वरणगाववर बाण नेला. पट्टी वर डावीकडे सरकून थेट सातपुड्यात जाऊन पडली.

"कोड चुकला असेल," तो म्हणाला. तेही सरांच्या देखत.

"काल बरोबर चालत होता." मी माऊस स्वतःकडे ओढला. "तुम्ही हात लावेपर्यंत."

"काढून टाकू का चौकट?" त्याचा चेहरा उतरला.

"आता हात लावायचा नाही." चौकट काढली असती तर पट्टी गुमान जागेवर आली असती. पण का बिघडलं हे न कळता गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

ठिपका डावीकडून आणि वरून किती लांब आहे, हे मी कोडमधल्या ऑफसेटलेफ्ट आणि ऑफसेटटॉपला विचारून घेत होते. आकडे पडद्यावर काढून बघितले, तर चौकटीत गेल्यावर ते चक्क लहान झाले होते. म्हणजे ठिपका वेबपेजच्या कोपऱ्यापासून मोजतच नव्हता! ज्या चौकटीत बसलाय, तिच्यापासून मोजत होता.

"आमच्या गावात घराचा पत्ता विचारा," मी पुटपुटले, "माणूस पारापासून सांगतो. जळगावपासून कोण सांगेल?"

"मग पारापासूनचं अंतर घ्यायचं, त्यात पाराचं जळगावपासूनचं मिळवायचं..." तो हळूच म्हणाला.

"बाहेरची चौकट संपेपर्यंत मिळवत जायचं. कळतंय मला."

मी तशी बेरीज पुन्हा पुन्हा करणारा लूप लिहिला. त्यानं माठातलं पाणी आणून ठेवलं. पट्टी वरणगावला जाऊन टेकली, अगदी ठिपक्याला लागून. मी ग्लास उचलला, तेव्हा तो पडद्याकडे बघत नव्हता.

सोमवारी व्यापाऱ्यांना नकाशा आवडला. पानांची चौकट तर फारच. सरांनी मला नोकरी दिली, आणि मी आनंदानं जिना उतरते तोच खाली लीलाधर उभा.

"येत्या रविवारी आमचे नाना पहूरला येऊ राहिले... तुमच्या आबांकडे."

माझं डोकंच फिरलं. "मले विचारलं? खुर्चीत बसला, न विचारता. चौकट घातली, न विचारता. आता हेही?"

"रागावू नको ना..." तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. कान लालबुंद. "तुले आवडत नसन तर नानाले नाही म्हणून सांगतो. आवडतो का मी तुले?"

आवडत होता. त्याचाच तर संताप होता.

"ये," मी म्हटलं. "पण पोहे तू आणायचे."

रविवारी आमच्या ओसरीवर, आबा आणि नानांच्या देखत, तो ताटली घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. वरणगावहून डब्यात आणलेले, स्वतः केलेले पोहे. मीठच घातलं नव्हतं शहाण्यानं. मी रागारागानं सगळी ताटली संपवली.