उशीवरची मोकळी जागा

नव्या कापसाने भरलेल्या उशीवर कधी गुडघे टेकून पाहिलेत तुम्ही? उठल्यावर दोन खळगे दिसतात, आणि घटकाभरात कापूस आपोआप वर येतो. जुन्या उशीचे तसे नसते. ती माणसाला विसरत नाही.

हे त्या गादीवाल्या बाईला पक्के ठाऊक होते. लोकांच्या गाद्या उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरण्यात तिचा जन्म गेला होता. कोण एका कुशीवर झोपतो आणि कोण तळमळत पडतो, हे ती गादीवर तळहात फिरवून सांगायची. वर म्हणायची, "गादी खोटं बोलत नाही. खोटं बोलतात ती तिच्यावर झोपणारी माणसं."

मिशनच्या दवाखान्यातल्या प्रार्थनाघराचे काम तिच्याकडे आले. बाकांपुढच्या, गुडघे टेकायच्या लांब उशा नव्याने भरायच्या होत्या. एकेका उशीवर दोन माणसे सहज मावत. काम चांगले होते, जागा मात्र तिला नको होती. भिंतीपलीकडच्या वॉर्डात तिची धाकटी बहीण पडून होती. हाडांचा कॅन्सर. डॉक्टरांनी हात टेकले होते. उन्हे उतरली की कळा सुरू होत, म्हणून ताई दुपारीच डबा ठेवून काढता पाय घेई. ज्या बहिणीला कडेवर वाढवले, तिचे ते कण्हणे तिला ऐकवत नसे. प्रार्थनाही तिने सोडली होती. ऐकणारा असता तर एव्हाना ऐकले असते, असे तिचे म्हणणे.

पहिल्या रांगेची उशी तिने भरली, दाभणाने टाके घातले, काठीने झोडून सपाट केली आणि प्रार्थनाघराला कुलूप लावून किल्ली घरी नेली. दुसऱ्या दिवशी पाहते तर उशीच्या डाव्या टोकाला दोन खळगे.

कापूस जुना निघाला असेल, म्हणून तिने व्यापाऱ्याला शिव्या घातल्या आणि उशी उसवून पुन्हा भरली. पुन्हा खळगे. तेच, त्याच टोकाला. फार वेळ टेकलेल्या, जड गुडघ्यांचे. उजवा अर्धा भाग मात्र अगदी सपाट होता. शेजारी कुणासाठी तरी जागा धरून ठेवावी तसा.

तिने प्रार्थनाघराच्या पाद्रींना, पाळकसाहेबांना गाठले.

"दुसरी किल्ली तुमच्याकडं आहे ना? येऊन बसता का गुपचूप?"

"बाई, माझे गुडघे टेकले की मला उठवायला दोन माणसं लागतात," पाळकसाहेब हसले. "तेव्हा गुपचूप काही होत नाही."

"मग कोण येतं?"

त्यांनी खळग्यांकडे पाहिले. हसणे ओसरले. "ठाऊक नाही. दुःख का येतं, तेही मला ठाऊक नाही. लोकांना वाटतं, पाळकाला ठाऊक असतं. एवढंच सांगतो, प्रभूनंसुद्धा क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत गुडघे टेकून सुटका मागितली होती. मिळाली नाही."

"मग उपयोग काय त्या गुडघ्यांचा?"

त्यांनी खळग्यांवरून नुसता हात फिरवला. ताईला वाटले, निदान खोटे तरी बोलले नाहीत.

त्या दुपारी डबा ठेवताना धाकटी म्हणाली, "ताई, संध्याकाळी येतेस तेव्हा बोलत का नाहीस गं?"

ताईच्या हातातले झाकण तसेच राहिले. "मी... संध्याकाळी?"

"खाली गुडघे टेकून बसतेस ना, माझ्या पायाशी. कळांत डोळे उघडत नाहीत माझे. पण श्वास ऐकू येतो." ती थोडी थांबली. "दुखायचं तेवढं दुखतंच. पण मग ते माझ्या एकटीचं राहत नाही."

ताईने मान खाली घातली. ती मी नव्हे, असे म्हणायला जीभ उचलली नाही.

डोके ठिकाणावर नव्हते, म्हणूनच त्या दुपारी ती उशी पुन्हा शिवताना चूक झाली. गादीवाल्याला सगळे माफ, दाभण आत राहिलेले माफ नाही. घरी पोचून दाभणाची पत्र्याची डबी उघडली, तर ती रिकामी. दाभण पहिल्या रांगेच्या उशीतच राहिले होते, टोक वर. कुणी गुडघा टेकला तर आरपार जाईल. ती तशीच माघारी पळाली.

दिवेलागण झाली होती. प्रार्थनाघराचे कुलूप जागच्या जागी होते. आत नव्या कापसाचा, फिनेलचा आणि नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीचा वास. मेणबत्ती तर कुणी लावलीच नव्हती. पहिल्या बाकापुढची जमीन मोकळी होती. उशी नव्हती...

भिंतीपलीकडून धाकटीचे कण्हणे आले. त्याच्याबरोबर दुसरा एक श्वास. जड, दमलेला, तिच्या कण्हण्याला साथ देणारा.

भीती वाटली, नाही असे नाही. पण त्याहून जास्त वाटले की पाहावे, कोण आहे. ती वॉर्डात शिरली तेव्हा तो श्वास थांबला. खाटेच्या पायथ्याशी उशी होती. जवळ कुणी नव्हते.

"नर्सबाई... ही उशी कुणी आणली?"

"तुम्हीच ना?" नर्स औषध मोजता मोजता म्हणाली. "रोज असते की."

ताईने डाव्या टोकावर हात ठेवला. खळगे ऊबदार होते. त्या दोहोंपैकी एका खळग्यातून दाभणाचे टोक वर आले होते, आणि त्याभोवती रक्ताचा ओला डाग. टोचल्यावर कुणीही झटकन उठले असते. हा खळगा मात्र आधीपेक्षा खोल होता. जो कुणी होता, तो उठला नव्हता.

तिने दाभण ओढून काढले, पुसून डबीत ठेवले, झाकण घट्ट लावले.

धाकटीला कळ आली. "ताई... आहेस का?"

पाय दाराकडे वळले होते. मग उशीचा तो सपाट भाग तिला दिसला.

"आहे गं," ती म्हणाली, आणि त्या मोकळ्या जागेवर गुडघे टेकून बसली. काय मागावे ते तिला सुचले नाही. बहिणीचे पाऊल तेवढे हातात धरले. कधीतरी शेजारी उशी हळूच दबली. तिने मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी शांत झोपली होती, श्वास संथ चालला होता. ताई उठली आणि सवयीने उशीकडे पाहिले. चार खळगे होते. दाभण डबीतच होते, आणि डाव्या टोकाच्या त्याच खळग्यातला रक्ताचा डाग अजून ओला होता.