मधल्या बहिणीला मारलेली हाक

गुरुवारी सकाळच्या एसटीनं चांगदेव श्रीवर्धनला गेला, तो पेटीचा भाता चिकटवून आणायला. दुसरं काही काम नव्हतं. येताना पावशेर गूळ घेतला, बायकोसाठी खोबरेलाची बाटली घेतली, आणि पेटी मांडीवर घेऊन दोनच्या गाडीनं परत आला. शनिवारी गावच्या नाट्यमंडळाचा प्रयोग होता, त्यात पेटीवर तोच, आणि आज चार वाजता रंगीत तालीम. माणूस अगदी खुशीत होता. खोटं कशाला सांगू, त्याला एवढं खुशीत गावानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

कारणही तसंच होतं. त्याची एकुलती एक लेक अमिषा, घरात तिला आमू म्हणत, पहिल्यांदाच स्टेजवर उभी राहणार होती. एकोणीस वर्षांची पोर, पण लाजरी इतकी की दारात पाहुणा आला की मागच्या दारानं सुपारीच्या वाडीत पळायची. गळा मात्र देवानं दिलेला. शाळेत गाणं शिकवायला पनवेलहून आलेल्या मृणालबाईंनी तो गळा हेरला. बाईंनी एका जुन्या, नावाजलेल्या कादंबरीची संगीतिका केली होती. साधं बोलणं नाहीच, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं गाऊन. गोष्ट तीन बहिणींची. थोरली लग्न होऊन जाते, धाकटी शिकायला जाते, आणि मधली इंदू आईबापांपाशी राहते नि तापानं मरते. ही इंदू म्हणजे आपली आमू.

आता मंडळाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे स्टेजवर जो कुणी मरतो, तो पडदा पडला तरी उठत नाही. डोळे मिटून तसाच पडून राहतो. मग त्याच्या घरचं माणूस जवळ जाऊन त्याच्या घरच्या नावानं हाक मारतं. त्यानं ‘ओ’ द्यायची, गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि मगच उठायचं. का, ते कुणी विचारत नाही. चांगदेवाच्या बापाला त्याच्या आईनं अशी हाक मारली होती, चांगदेवाला त्याच्या बापानं. वादळात मंडळाच्या शेडचे पत्रे उडाले, जुने पडदे कुजले, पेट्या भिजल्या, पण रीत राहिली.

आणि दुसरा नियम होता मृणालबाईंचा. बाई गुणी, मनानं चांगल्या, पण कामाला लागल्या की कुणाचं ऐकायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं, पोरी बुजतात, भूमिका अंगात मुरत नाही, तर प्रयोग होईपर्यंत तिघींना नाटकातल्याच नावानं हाक मारायची. तालमीतही आणि घरीही. बाकीच्या दोन घरांनी दोन दिवस केलं आणि सोडून दिलं. चांगदेवानं मात्र डोक्यावरच घेतलं.

"इंदू, पाणी आण गो. इंदू, जेवलीस का?"

"माझ्या पोरीला मी माझ्या नावानं हाक मारीन," त्याची बायको मनुबाई म्हणाली. "बारशाला तिच्या कानात सांगितलेलं नाव हाय ते."

"तीन आठवडं कळ काढ ना! पोर कशी धीट झालीय, दिसत न्हाय तुला?"

पोर धीट झाली होती हे खरं. मान वर करून चालायची, मोकळ्या गळ्यानं गायची. त्यापुढे मनुबाई तरी काय बोलणार? तीन आठवडे त्या घरात आमू हे नाव कुणी उच्चारलं नाही.

तर गुरुवारची तालीम. शेडमध्ये दुपारचा उकाडा कोंडला होता. पावडरीचा, घामाचा, आणि बाहेर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास एकमेकांत मिसळून गेला होता. मागच्या सुरूच्या बनातून वारा तेवढा एकसारखा ऐकू यायचा. वेशभूषेचं काम म्हाताऱ्या सोनाबाईकडे. तिनं आमूच्या चेहऱ्यावर राखाडी पावडर लावली, डोळ्यांखाली काजळ पुसट ओढलं आणि तिला खाटेवर निजवलं. आमूनं शेवटचं पद असं गायलं की मृणालबाईंनी वही मिटून डोळे पुसले. पद संपलं आणि पडदा पडला.

चांगदेव पेटीवरून उठला. लेकीचं कौतुक छातीत मावत नव्हतं. सोनाबाई गूळ घेऊन उभी होती. तो खाटेपाशी गेला, वाकला, आणि तोंडात बसलेलं नाव तोंडातून निघून गेलं.

"इंदू!"

"ओ, बाबा."

ओ आली ती पाठीमागच्या रंगवलेल्या पडद्याच्या आडून. खाटेवरच्या आमूचे ओठ हललेसुद्धा नव्हते.

सोनाबाईच्या हातातला गूळ खाली पडला. चांगदेवानं मागचा पडदा ओढला. पाठीमागे भिंत होती, भिंतीला टेकून रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. थोरलीचं आणि धाकटीचं काम करणाऱ्या पोरी समोरच्या बाकावर बसून पाणी पीत होत्या. त्यांनी ऐकलंच होतं, पण त्यांना वाटलं आमूनंच ओ दिली.

"काय केलंस रं चांगदेवा..." सोनाबाई पुटपुटली. "कुणाला बोलावलंस?"

"चुकून गेलं तोंडातून. आमू! ए आमू... ऊठ गो."

आमू उठली. पण ओ न देता उठली. डोळे उघडले, पदर सावरला आणि सरळ चालत घरी गेली. त्याच्याकडे पाहिलं, पण परक्या माणसाकडे पाहावं तसं.

घरी ती जेवली, पाणी भरलं, अंथरूण घातलं. तोंडातून अवाक्षर नाही. आमू म्हटलं तरी नाही, इंदू म्हटलं तरी नाही. मनुबाई ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसायला गेली, तर तिनं आईचं मनगट धरलं आणि हलकेच बाजूला केलं. हात बर्फासारखा गार. शुक्रवारी डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, ताण आलाय, झोपू द्या. झोपू द्या म्हणे! पोर रात्रभर भिंतीला टेकून बसली होती, पापणी न लवता.

मनुबाईनं नवऱ्याला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "माझी पोर मला आणून दे. कुठं ठेवून आलास तिला, तिथून आण."

शुक्रवारी संध्याकाळी मृणालबाई आल्या. आमूला पाहून त्यांचं अवसानच गळालं. "काका, प्रयोग रद्द करू या. माझं चुकलं. मीच तो नियम घातला."

पण सोबत आलेल्या सोनाबाईनं मान हलवली. "रद्द करून काय व्हनार, बाई? जिथं हाक चुकली तिथनंच ती सुधारायची. तीच खाट, तोच पडदा. आणि तोंडावरचा रंग हाय तोवरच. रंग गेला की मग कुठून बोलावनार?"

"आणि न्हाय आली तर?" चांगदेवानं विचारलं.

आमूच्या चेहऱ्यावरची पावडर कपाळापाशी उडायला लागली होती, तिकडे सोनाबाई बघत राहिली.

शनिवारी पाच वाजता प्रयोग सुरू झाला. शेड गच्च भरलेली. होमस्टेवाल्यांनी आपापले पाहुणे आणून बसवले होते. आमू गाईल की नाही याची कुणालाच खात्री नव्हती. पण पेटीचा सूर लागला आणि ती उभी राहिली, पहिल्या पदापासून बिनचूक गायली. लोक माना डोलवत होते. चांगदेवाची बोटं पेटीवर चालत होती आणि डोळ्यांतलं पाणी पट्ट्यांवर पडत होतं. आपली लेक इतकं सुंदर गातेय, आणि ती आपली लेक नाही, हे त्या माणसानं दोन तास पेटी वाजवत सोसलं.

इंदू मेली. पडदा पडला. आत संध्याकाळचा अंधूक उजेड होता. चांगदेव खाटेपाशी गेला. पलीकडे मनुबाई, तोंडात पदर कोंबून. सोनाबाई गूळ घेऊन.

"आमू!"

काही नाही. बाहेर लोक कुजबुजत होते, कुणाचं तरी मूल रडत होतं.

"आमू... ए आमू!"

तेव्हा ती ओ ऐकू आली. लांबून, सुरूच्या बनाच्याही पलीकडून, जिथं वाळू सुरू होते तिथून. "ओ..." इतकी बारीक, की वारा असता तर ऐकूही आली नसती. पण वारा पडला होता. बाहेरची कुजबुजही थांबली.

"आमू! इकडं ये गो माझे बाय! इकडं... घरी चल!" चांगदेव ओरडला. रीत, लाजलज्जा, प्रेक्षक, सगळं विसरून ओरडला.

"ओ..." आता शेडच्या मागच्या भिंतीपाशी. मग खुर्च्यांच्या ढिगापाशी. मग अगदी कानाशी. आणि खाटेवरच्या पोरीनं डोळे उघडले नि ते अर्धं राहिलेलं म्हणणं पुरं केलं. "ओ, बाबा."

गूळ खाल्लान् तिनं. आईच्या गळ्यात पडली आणि हमसून हमसून रडली. हात ऊन होते. पडद्यापलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, हाही संगीतिकेचाच भाग. दुसऱ्या दिवशी एक पाहुणा मृणालबाईंना म्हणाला, "लांबून येणारी ती ओ काय बसवलीत हो!" बाईंनी हात जोडले आणि त्याच आठवड्यात पनवेलला निघून गेल्या.

चांगदेवाच्या जिवात जीव आला. आमू बोलायला लागली, हसायला लागली. पाहुणा आला तरी आता पळत नव्हती. पाट मांडून बसायला सांगायची, पाणी द्यायची. मनुबाई तिच्याकडे बघत बसायची. एकदा रात्री नवऱ्याला म्हणाली, "पोर शहाणी झाली न्हाय? लईच शहाणी झाली." त्यानं हसून कूस बदलली. नवव्या दिवसापर्यंत असं सगळं सुरळीत चाललं.

नवव्या दिवशी तिन्हीसांजेला मनुबाईनं देवापाशी दिवा लावला. आमू ओटीवर विळी घेऊन नारळ खवत होती. चांगदेव खांबाला टेकून पेटीची धूळ पुसत होता. बाहेर अजून माणसाचं तोंड ओळखू येईल एवढा उजेड होता. आणि सुरूच्या बनाकडून हाक आली.

"बाबा..."

चांगदेवाचा हात थांबला. आवाज आमूचा होता. त्यात शंकाच नाही. बापाला लेकीचा आवाज कळत नाही का? त्यानं मान वळवून पाहिलं. आमू समोरच बसली होती. तिचाही हात विळीवर थांबला होता.

"ए बाबा... मी कधीची थांबलेय इथं. तुझी हाक ऐकली मी. धावत आले, पण आत जागाच न्हाय राहिली... बाबा, घरी ने ना मला."

चांगदेव उठून उभा राहिला. ओ द्यायला तोंड उघडलं.

"बाबा," ओटीवरची आमू हळूच म्हणाली, "ओ देऊ नको हां."

"कोण... कोण हाय ती?"

"कोणी का असंना. तू मला बोलावलंस ना? मी आले ना घरी?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी, भेदरलेल्या पोरीचं. तिला दूर लोट म्हणून सांगायला ब्रह्मदेवही धजला नसता.

बनातली हाक आता कुंपणापाशी आली होती. रडवेली, दमलेली. "बाबा ओ देत न्हाय... आये! ए आये गो..."

मनुबाई दिव्यापासून उठून दारात आली होती. कधी आली ते चांगदेवाला कळलंही नाही. तिनं ओटीवरच्या लेकीकडे एकदा पाहिलं. मग अंगणाकडे. चांगदेव हात आडवा करून म्हणाला, "मनू, न्हाय... बोलू नको..." पण एकोणीस वर्षं त्या आवाजाला उत्तर दिलेली बाई ती.

"ओ गो आमू," ती म्हणाली. "आले, आले."

आणि पायांत चप्पल न घालता उतरली, अंगण ओलांडून कुंपणाच्या वाटेवरचं बांबूचं बेडं सरकवून झाडांच्या काळोखात गेली. सुरूच्या बनात तिची पावलं थोडा वेळ वाजली. मग ती वाजेनाशी झाली. हाकही पुन्हा आली नाही.

ओटीवरच्या पोरीनं नारळाची कवड उचलली आणि पुन्हा खवायला सुरुवात केली. खर्र... खर्र... अर्धी कवड झाल्यावर थांबली. चांगदेव अजून हात आडवा धरूनच उभा होता.

"बाबा," ती मायेनं म्हणाली, "मी राहते ना तुझ्यापाशी. दार लावून घेऊ का आता?"