पोवळं उमलेपर्यंत

“रात्रीचा घास आपल्या तोंडात जाण्याआधी एका मुक्या जिवाच्या तोंडात गेला पाहिजे, शैलजा. चातुर्मासाचे चारही महिने. एक दिवससुद्धा चुकवायचा नाही.”

निघताना माझ्या कपाळाला कुंकू लावता लावता आई हे म्हणाली होती, आणि मी मान हलवली होती. सांगलीत ते सोपं होतं. रोज दारात गाय यायची. पण अमेरिकेतल्या पार्सिपनीत? तिथे गाय फक्त दुधाच्या डब्यावर!

आमच्या अपार्टमेंटच्या मागे एक तळं होतं, आणि तळ्यावर मोठमोठी करडी बदकं. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, ऑफिसातून आल्या आल्या, मी कणकेच्या गोळ्यांची वाटी घेऊन तिथे गेले. पाऊस भुरभुरत होता. पहिली गोळी टाकणार, तेवढ्यात मागून एका तरुणाचा मराठीत आवाज आला —

“टाकू नका! पन्नास डॉलर फाईन आहे.”

मी दचकले. वाटी हातातून सुटली, गोळ्या गवतात घरंगळल्या, आणि दहा-बारा बदकं माझ्या अंगावर धावून आली. मी पळाले. तोसुद्धा पळाला — माझ्याबरोबर, हसत, आपली छत्री बदकांच्या दिशेने उघडझाप करत.

“मी मराठी आहे हे कसं कळलं?” धाप लागलेली असतानाच मी विचारलं.

“अमेरिकेत पावसात कणकेची वाटी घेऊन दुसरं कोण उभं राहील?”

त्याचं नाव निमिष. नागपूरचा. आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावर राहणारा. मी नियम सांगितला तेव्हा वाटलं, आता हा हसणार. तो हसला नाही.

“माझी आई वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात वाचनाला बसते. तीन महिने. घरी पाहुणे असोत, ताप असो — चुकवत नाही,” तो म्हणाला. मग जरा थांबून… “माझ्याकडे दोन भुकेले जीव आहेत. केशरी अंगावर पांढरे पट्टे. फाईन नाही लागणार.”

त्याच्या बैठकीत, खिडकीपासून दूर, वीस गॅलनची एक काचेची टाकी होती. खाऱ्या पाण्याची. त्यात दोन इवलेसे मासे, आणि मधोमध एका दगडावर — मी पाहतच राहिले. मला पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा एवढंच माहीत. हे तर जिवंत होतं! सायीच्या रंगाची जाड छत्री, आणि तिच्यावर शेकडो नाजूक बोटं लाटेबरोबर डोलत होती.

“हात जोडताय की काय?” निमिषने विचारलं.

खरंच, माझे हात जोडले गेले होते.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी साडेसहाला मी वर जायचे. निमिष चिमूटभर खाद्य माझ्या तळहातावर ठेवायचा. ते ठेवताना त्याची बोटं अगदी जराशी… टेकायची. मी माशांकडे बघत राहायचे. तो माझ्याकडे.

“मासे तिकडे आहेत,” एकदा मी हळूच म्हटलं.

“मला माहितीये. मी काचेतून बघतोय. तुमचं रिफ्लेक्शन पडतं.”

माझी रूममेट रोशनी मुंबईची, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. “शैलू, तुझा नियम पाच मिनिटांचा, आणि तू खाली येतेस तासाने. मासे चावून चावून खातात का गं?”

मग निमिषला दोन आठवडे डॅलसला जावं लागलं. जाताना त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. “रोजचं खाद्य संपलंय. फ्रीझरमध्ये छोट्या वड्या आहेत. रोज पाव वडी. जास्त नको, हां!”

पहिल्या दिवशी मी फ्रीझर उघडला. डब्यावर कोळंबीचं चित्र! चातुर्मासात, आंघोळ करून, स्तोत्र म्हणून आलेली मी… हात पुढेच जाईना. मी खाली आले. कणीक भिजवली, वर थेंबभर तूप घातलं, आणि मोहरीएवढ्या गोळ्या वळल्या. माशांनी त्या गपागप खाल्ल्या. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी दुप्पट नेल्या. तिसऱ्या दिवशी मूठभर. जीव लावला की हात सढळ होतो — माझी चूक एवढीच, आणि ती केवढी!

आठव्या दिवशी काचेवर हिरवी साय धरली. दहाव्या दिवशी दगडांना हिरव्या जटा आल्या. बाराव्या दिवशी पोवळ्याने सगळी बोटं आत ओढून घेतली. ते नुसतं निस्तेज, सुरकुतलेलं कातडं दिसू लागलं.

निमिष परत आला तेव्हा मी दारातच उभी होते. “मी केलंय हे,” एवढंच बोलले आणि कणकेचं सगळं सांगितलं. डोळ्यांतलं पाणी थांबेना.

तो टाकीसमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, “तूप पण?”

“थेंबभर.”

“माझ्या माशांनी दोन आठवडे तूप-पोळी खाल्ली, आणि मी तिकडे थंडगार सँडविच! हे बरं आहे, यार.” तो हसला. पण त्याची नजर पोवळ्यावरून हलत नव्हती. ते त्याने बोटाएवढ्या तुकड्यापासून तीन वर्षं वाढवलं होतं.

आम्ही तडक हायवेवरच्या माशांच्या दुकानात गेलो. तिथे वॉल्टर नावाचा म्हातारा मालक होता. आम्ही नेलेल्या पाण्यात त्याने काही थेंब घातले. पाणी गडद निळं झालं.

“फॉस्फेट,” तो म्हणाला. “उरलेलं अन्न कुजलं की सुटतं. शेवाळाला ते खत, पोवळ्याला ते ओझं.” त्याने पांढऱ्या दाण्यांचा डबा काढला. “हे दाणे फॉस्फेट शोषून घेतात. पण जपून हं! आधी—”

“थँक यू!” म्हणत निमिषने डबा उचललासुद्धा.

घरी येताच त्याने अख्खा डबा फिल्टरमध्ये रिकामा केला. मी “अहो, वाचा तरी…” म्हणेपर्यंत दाण्यांची भुकटी पाण्यात उतरली. टाकी ताकासारखी पांढरी झाली. मासे कोपऱ्यात दडले. पोवळं होतं त्याहून आकसलं.

“शैलजा, मी काय केलं हे?” रिकामा डबा माझ्यापुढे धरत तो म्हणाला.

मला एवढंच कळलं की आता रडून चालणार नाही. “दाणे बाहेर काढा. खारं पाणी तयार आहे ना? बादली आणा.” मी ओढणी कमरेला खोचली. आम्ही दोघांनी नळीने गढूळ पाणी काढलं, तितकंच नवं घातलं. मग मी जमिनीवर मांडी घालून डब्यातली माहितीची घडी उघडली आणि पोथीसारखी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. तरी शंका उरल्या. म्हणून वॉल्टरला फोन केला, आणि त्याला मगाशी जे सांगू दिलं नव्हतं ते सगळं वहीत लिहून घेतलं.

“अख्खा डबा मोठ्या टाकीसाठी असतो,” मी निमिषला सांगितलं. “आपल्याला दोन चमचे पुरेत. नवे दाणे आणायचे, शुद्ध पाण्यात धुवायचे. पाणी नितळ येईपर्यंत. जाळीच्या पिशवीत बांधून, जिथे पाणी हळू वाहतं तिथे ठेवायचे. रोज पाणी तपासायचं. चार दिवसांनी पिशवी काढायची, तीन दिवस थांबून पुन्हा ठेवायची. आणि पोवळं जास्त मिटलं, तर त्याच क्षणी काढायची. फॉस्फेट एकदम उतरलं तरी त्याला धक्का बसतो.”

“म्हणजे पंधरा दिवस लागतील!”

“लागू देत की. मी चार-चार महिने थांबते. नियमाने.”

तो माझ्याकडे बघत राहिला. या वेळी काचेतून नव्हे.

जाळी मिळेना, तेव्हा वॉल्टरनेच उपाय सांगितला — बायकांचे नायलॉनचे मोजे. औषधांच्या दुकानात निमिष काउंटरपाशी लालबुंद होऊन उभा. मी मागे शाम्पूच्या बाटल्या वाचत होते.

“गर्लफ्रेंडसाठी?” काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

“पोवळ्यासाठी,” तो म्हणाला. मग चोरून माझ्याकडे पाहत, “…सध्या.”

त्या दिवशी मी मनात संकल्प केला की पोवळं उमलेपर्यंत चहा घ्यायचा नाही. त्याने दोनदा चहा पुढे केला, दोनदा मी नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने कारण विचारलं, आणि माझ्याच्याने खोटं बोलवेना.

“ठीक,” तो म्हणाला. “मग माझं चिकन बंद.”

“तुम्हाला जमणार नाही.”

“नागपूरच्या माणसाला चॅलेंज?”

माशांसाठी मी समुद्री शेवाळाचं कोरडं खाद्य आणलं. रोज एकच चिमूट. हात पुन्हा सढळ व्हायला लागला की निमिष नुसता खाकरायचा. रोज साडेसहाला तो थेंब मोजायचा, मी वहीत रंग लिहायचे. गडद निळा. निळा. आकाशी. चौथ्या दिवशी पिशवी काढली, तीन दिवस विसावा दिला. मग पुन्हा दोन चमचे, पुन्हा नितळ धुऊन. शेवाळ पिवळं पडून गळू लागलं. मी जुन्या टूथब्रशने दगड घासायचे, तो नळीने गाळ ओढायचा. कधी आमची डोकी एकमेकांवर आपटायची. “सॉरी,” दोघंही म्हणायचो. आणि दूर व्हायला दोघांनाही जरा उशीरच व्हायचा…

पोवळं मात्र मिटलेलंच. अकराव्या दिवशी त्याच्यावर मेणासारखा पापुद्रा आला.

“गेलं,” निमिष म्हणाला.

पण वॉल्टर म्हणाला होता, ते कधीकधी कात टाकतं. “हात लावायचा नाही,” मी हळू म्हटलं. “पाणी स्वच्छ आहे. आज रंगसुद्धा आला नाही. आता त्याचं त्याला करू दे.”

तेराव्या दिवशी, शनिवारी सकाळी नऊला, डोक्यावरचं छत दणाणलं. धाड! धाड! धाड! आणि मग सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी आरोळी — “शैलजाऽऽ! वर ये!”

ये. या नव्हे… ये.

मी ओल्या केसांनी धावले. पापुद्रा गळून पाण्यात तरंगत होता. त्याच्याखाली छत्री स्वच्छ, सायीच्या रंगाची, आणि तिच्या कडेने एक… चार… अगणित बोटं बाहेर येत होती. आमच्या डोळ्यांदेखत. काही मिनिटांत सगळं पोवळं उमललं, पूर्वीपेक्षाही टपोरं! निमिषने मला हात धरून गरकन फिरवलं. मी इतक्या मोठ्याने हसले की माझं मलाच नवल वाटलं. आम्ही जिंकलो होतो — दोन चमच्यांनी!

त्याने चहा केला. मी पहिला घोट घेतला, आणि तो बोलू लागला.

“मी डबा रिकामा करणारा माणूस आहे, शैलजा. मला दोन चमच्यांवर थांबवणारं कुणीतरी हवंय. म्हणजे… कुणीतरी नाही. तू.”

मी कप खाली ठेवला. “मी जीव लावला की मूठभर घालते. मला खाकरून थांबवणारा लागेल.”

“खोकल्याची तयारी आहे.” तो हसला, आणि लगेच गंभीर झाला. “तुझ्या घरी… माझं आडनाव कळल्यावर… त्यांना चालेल? तुझ्या वडिलांशी, अण्णांशी, मी बोलतो. माझं काम आहे ते.”

मी अण्णांसमोर आजवर मान वर करून बोलले नव्हते. लग्नाची स्थळंसुद्धा तेच पत्राने कळवत. पण तेरा दिवस मी घरी कुणाला न विचारता एक जीव राखला होता.

“नाही,” मी म्हटलं. “मी सांगेन. आजच. शब्द देते.”

“आणि ते नाही म्हणाले तर?”

“तर उद्या पुन्हा सांगेन. परवा पुन्हा.”

सांगलीत संध्याकाळचे सात वाजले असतील. अण्णा फिरून आले असतील. खाली रोशनी फोनच्या लाइनवर इंटरनेट लावून बसली होती, फोन तासभर मोकळा होणार नव्हता, आणि निमिषसमोर, त्याच्या फोनवरून, मला हे बोलायचं नव्हतं. मी पर्समधून कॉलिंग कार्ड काढलं, निमिषकडे एकदा पाहिलं, आणि लाँड्रीजवळच्या सार्वजनिक फोनकडे जायला जिना उतरू लागले.